मणियार सरांचं शुद्ध पाणी

मेहविशने फोनवर विचारलेला प्रश्न अगदी साधा होता.

"अब्बा, आपल्या किचनच्या नळाला पाणी कुठलं येतं?"

फारुख मणियार सरांनी नाशिकच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि निवृत्त होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. वर्षभरात त्यांना कोणी भूगोलाचा प्रश्न विचारला नव्हता. त्यामुळे ते खुर्चीत सरळ बसले, घसा साफ केला आणि त्र्यंबकच्या डोंगरापासून सुरुवात केली. गोदावरीचा उगम झाला, काळ्या खडकाचे थर झाले, गंगापूर धरण झालं. मेहविशला सातवा महिना होता. धरणाच्या भिंतीपर्यंत येता येता ती बिचारी दमली.

"अब्बा, धरण राहू द्या. नळाचं सांगा. आमच्या डॉक्टरांनी विचारलंय. माहेरी बोअरचं पाणी येत असेल तर आधी तपासून घ्या म्हणाल्या. त्यात नायट्रेट जास्त असलं आणि त्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो. बाळ निळं पडतं."

"आपल्याकडे धरणाचंच येतं," सर ठामपणे म्हणाले.

"सकाळी धरणाचं येतं," आतून अमिनाचा आवाज आला. "दुपारी बोअरचं येतं. उन्हाळ्यात टँकरचं येतं. आणि परवा जे आलं ते कशाचं होतं ते अल्लाला ठाऊक."

सरांनी फोन ठेवला. नाशिकच्या माणसाला कशाबद्दलही बोललेलं चालतं, पण हवेबद्दल आणि पाण्याबद्दल बोललेलं चालत नाही. त्यात हा माणूस भूगोलाचा! पहिलटकरीण लेक रिवाजाप्रमाणे बाळंतपणाला माहेरी येणार, आणि माहेरच्या नळाला काय येतं हे बापाला माहीत नाही. ब्रह्मपुत्रेला तिबेटात काय म्हणतात हे माहीत आहे. सरांना त्या दुपारी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी ते खालच्या मजल्यावर अंजली साळवेंकडे गेले. पाथर्डी फाट्याच्या आतल्या अंगाला असलेल्या त्यांच्या हरिप्रिया अपार्टमेंटच्या त्या सेक्रेटरी. सरकारी नोकरीत क्लार्क होत्या, त्यामुळे कुठल्याही गोंधळाने त्यांचा चेहरा बदलत नसे.

"सर, गच्चीवर दोन टाक्या आहेत," त्या म्हणाल्या. "एक पालिकेच्या पाण्याची, एक बोअरची. मागच्या कमिटीने मधे पाइप टाकून दोन्ही जोडल्या."

"का?"

"पाणी पुरावं म्हणून."

"मग मधे व्हॉल्व्ह असेल ना?"

"आहे ना. फिरतो. फक्त बंद होत नाही."

"म्हणजे आत्ता नळाला कुठलं येतंय?"

अंजलीताईंनी छताकडे पाहिलं. "आत्ता म्हणजे... सर, ज्याच्या त्याच्या नशिबाचं."

त्यांचे सासरे, भिकनतात्या, कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. उभा महाराष्ट्र त्यांनी पालथा घातलेला, त्यामुळे भूगोल आपल्याला जास्त कळतो असं त्यांचं मत होतं आणि सरांच्या तोंडावर ते सांगायला त्यांना संकोच वाटत नसे.

"उकळा, मास्तर. उकळलं की मेलं."

"तात्या, नायट्रेट हा क्षार आहे. तो जिवंत नसतो."

"मग तर मरायला वेळच लागणार नाही. चांदवडच्या पुढे घाटात गाडी तापली तेव्हा रेडिएटरसाठी भरून ठेवलेलं पाणी प्यालोय मी. काय झालं मला?"

तात्यांना काय झालं याची यादी सरांकडे होती, पण वयाचा मान ठेवून त्यांनी ती मनातच ठेवली. घरी येऊन मात्र त्यांनी पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. माणूस घाबरला की चुकीचा सल्लाही पाळतो, कारण निदान हाताला काम मिळतं. चांगलं अर्धं आटेपर्यंत त्यांनी ते उकळलं आणि ढवळतसुद्धा राहिले. मग सहज मोबाइलवर वाचायला घेतलं, तर तिथे लिहिलेलं, उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी वाफ होऊन गेल्यावर उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. सर पातेल्याकडे बघत राहिले. मिठागरांचा धडा शिकवताना दर वर्षी ते मुलांना विचारायचे, 'पाणी उडून गेलं, आता मागे काय राहिलं?' मागे काय राहिलं ते आता त्यांच्या ओट्यावर होतं.

पाणी तपासायचं ठरलं. सर एका कचेरीत गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "धरणाचं की बोअरचं?"

"दोन्ही. मिसळलेलं."

"बोअरचं असेल तर ते भूजल. आमच्याकडे नाही येत."

सर दुसऱ्या कचेरीत गेले. तिथे भिंतीवर भूजलाचा सुंदर रंगीत नकाशा होता. सरांना तो बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. पण खुर्चीतल्या साहेबांनी विचारलं, "पाणी घेतलं कुठून?"

"किचनच्या नळातून."

"मग हे भूजल नाही."

"अहो, पण जमिनीखालूनच आलंय ते!"

"आलं असेल. जमिनीखाली असेपर्यंत आमचं. पाइपात शिरलं की आमचा त्याचा संबंध संपला."

सर पायऱ्या उतरताना विचार करत होते की नदीला उगम असतो, मुख असतं, खोरं असतं. आपल्या नळाच्या पाण्याला साधा रहिवासी दाखलाही मिळत नाही.

शेवटी एका खासगी प्रयोगशाळेने त्यांना आसरा दिला. तिथल्या बाईंनी निर्जंतुक बाटली दिली, वर चिकटवलेल्या कागदावर ठळक अक्षरात 'मणियार' लिहिलं आणि सांगितलं, नळ थोडा वेळ वाहू द्या, मग भरा. सरांनी तसंच केलं. बाटली ओट्यावर ठेवली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाटली नेऊन दिली.

अहवाल आला. नायट्रेट नसल्यातच जमा. बाकीही सगळं उत्तम. बाईंनी स्वतःहून म्हटलं, "फार छान पाणी आहे तुमचं." सरांचा ऊर भरून आला. त्यांनी अहवालाचा फोटो मेहविशला पाठवला, झेरॉक्स काढून खाली सूचनाफलकावर लावली, आणि तात्यांना मुद्दाम चष्मा लावून वाचायला लावली. नाशिकचं पाणी ते! उगाच का लोक इथे राहायला येतात?

दुपारी ताटात पोळी वाढता वाढता अमिना म्हणाली, "रिपोर्ट चांगला येणारच. मी काय तसलं पाणी पाठवणार होते?"

सरांचा घास हातातच राहिला. "तसलं म्हणजे?"

"तुम्ही भरलं होतं ते जरा पिवळट दिसत होतं. मी ओतून दिलं. बाटली घासली आणि अंजलीकडच्या विकतच्या जारमधलं भरून ठेवलं."

"अमिना! अगं, ते तपासायला द्यायचं होतं!"

"म्हणूनच तर. बाटलीवर मोठ्या अक्षरात मणियार लिहिलेलं. चार लोक बघणार. म्हणणार, असलं पाणी पितात मणियार? मुलीला बघायला पाहुणे आले तर आपण घर आवरतोच की नाय?"

या युक्तिवादात कुठेतरी चूक होती. सरांनी ती ताक पिऊन होईपर्यंत शोधली, पण सापडली नाही. मग ते खाली गेले आणि सूचनाफलकावरची झेरॉक्स स्वतःच्या हाताने काढली. तात्या बाकावर बसलेले होतेच.

"का हो मास्तर, पाणी बिघडलं का लगेच?"

दुसऱ्या वेळी सरांनी बाटली भरल्यापासून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवेपर्यंत हातातून सोडली नाही. रिक्षातही मांडीवर घेऊन बसले. या वेळी अहवाल बघून बाईंच्या कपाळावर आठी पडली. नायट्रेट मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होतं.

"मोठ्या माणसांना लगेच काही होत नाही," त्या म्हणाल्या. "पण घरात तान्हं बाळ येणार असेल तर हे पाणी नको. आसपास पूर्वी शेती असेल, खतं मुरलेली असतात. जुने शोषखड्डे असतात. ते झिरपत झिरपत बोअरला येतं."

झिरपणं. सरांनी फळ्यावर किती बाण काढले होते त्याचे! निळ्या खडूचे, वरून खाली जाणारे सुरेख बाण. त्या बाणांच्या टोकाशी आपली नात किंवा नातू बसलेला असेल, असं कधी वाटलं नव्हतं. या वेळी त्यांना हसू आलं नाही, रागही आला नाही. अहवालाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.

"काय करू मी?"

"आरओ बसवा. मेणबत्तीचा फिल्टर, तुरटी, तांब्याचा हंडा, यातलं काही नायट्रेट काढत नाही."

आरओ म्हटल्यावर अमिनाने एकच नाव घेतलं. रिझवान. तिच्या सायखेड्याच्या मावसबहिणीचा मुलगा. तो आधी इन्व्हर्टर बसवायचा, मग कॅमेरे बसवायला लागला, आता पाण्याची मशीनं बसवत होता. जे भिंतीला टांगता येतं ते रिझवानला येतं, असा त्याच्याबद्दल घरात लौकिक होता.

रिझवान आला तो एक पेटी घेऊन. त्याने ओट्यावर दोन ग्लास ठेवले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आपल्या बाटलीतलं. दोन्हींत वायर जोडलेल्या सळया घातल्या आणि बटण दाबलं. नळाच्या पाण्यात बघता बघता तपकिरी गाळ उसळला.

"या अल्ला!" अमिना मागे सरकली. "हे प्यालो आपण?"

"सळई लोखंडाची आहे," सर म्हणाले. "तो गंज असेल. यात नायट्रेट दिसत नाही, कारण..."

"खालू, तुम्ही शिकलेले हाय, तुम्हाला काय सांगायचं," रिझवान मावशीच्या नवऱ्याला नम्रपणे म्हणाला. हे वाक्य ऐकल्यावर शिकलेल्या माणसाला पुढे बोलता येत नाही.

मशीन बसलं. बसवताना रिझवान एका हाताने नळ्या जोडत होता आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता. जाताना त्याने पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र सरांना भेट दिलं. मशीनची टाकी भराभरा भरली. वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी खाली लाल बादलीत सोडली होती, तिच्यातून जेमतेम थेंब थेंब पडत होता.

"बघा खालू. लोकांच्या मशीनला थोडं पाणी शुद्ध करायला बादल्याच्या बादल्या वाया जातात. आपलं उलटं. सगळं टाकीत."

सरांना हे फार आवडलं. पाण्याच्या बचतीवर त्यांनी शाळेत निबंधस्पर्धा घेतल्या होत्या. बादलीतलं ते थोडंसं टाकाऊ पाणी अमिना फरशी पुसायला घेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारी चव बघायला जमले. वरच्या मजल्यावरच्या मोहिनीताईही आल्या. त्या घरी लोणची करून विकत, त्यामुळे चवीच्या बाबतीत इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी घोट तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आहा. भरदार आहे पाणी. जिभेला कळतं."

"आमच्या गावच्या विहिरीचं पाणी असंच होतं," तात्या म्हणाले आणि दुसरा ग्लास मागितला.

सरांनी पेन टाकीच्या पाण्यात बुडवलं. आकडा भला मोठा आला. त्यांनी रिझवानला फोन लावला.

"ते मिनरल हाय खालू. चांगले क्षार. मी मिनरलची सेटिंग जास्त ठेवलीय तुमच्यासाठी."

रविवारी सोसायटीच्या सभेत सरांनी शुद्ध पाण्यावर भाषण केलं. झिरपण्याचे बाण हवेत काढून दाखवले. बऱ्याच दिवसांनी समोर माणसं बसली होती आणि कोणी बाकाखाली डबा खात नव्हतं. भाषण इतकं रंगलं की अंजलीताईंनी आणि मोहिनीताईंनी तिथल्या तिथे रिझवानचा नंबर घेतला. दोघींकडेही मशीनं बसली. जिन्यात भेटणारा माणूस आता सरांना "नमस्कार सर" म्हणू लागला. तात्यांचं 'मास्तर' मात्र तसंच राहिलं.

मेहविश यायच्या आधी एकदा खात्री म्हणून सरांनी मशीनचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. अहवाल घेऊन ते घरी आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच अमिनाने गॅस बंद केला.

"अमिना, पुन्हा पाणी बदललंस?"

"नाय."

"मग हे बघ. नायट्रेट पहिल्यापेक्षा वाढलंय! मशीनमधून आल्यावर वाढलंय! खरं सांग, काय भरलंस बाटलीत?"

नाशिकला येऊन अमिनाची भाषा बरीच शहरी झाली होती, पण ती दुखावली की माहेरचा सायखेडा बाहेर यायचा. "मी हात बी लावला नाय बाटलीला. येकदा केलं ते तुमच्या इज्जतीपायी केलं. लेक माझी बी हाय. लय शिकलेले तुम्ही, पर घरच्या माणसावर भरवसा ठेवायचा धडा नव्हता का तुमच्या पुस्तकात?"

ती आत निघून गेली. सर ओट्यापाशी एकटे उभे राहिले. बायको खोटं बोलत नव्हती. प्रयोगशाळेलाही खोटं बोलायचं कारण नव्हतं. मशीन नवीन होतं. मग राहिलं काय? त्यांनी खिशातून पेन काढलं, चालू केलं, आणि घाईत ते हातातून सुटलं ते थेट खालच्या लाल बादलीत.

पेन काढताना त्यांचं लक्ष आकड्याकडे गेलं. आकडा अगदी एवढासा होता.

पेन बिघडलं, सर म्हणाले. त्यांनी ते पुसून टाकीच्या पाण्यात घातलं. मोठा आकडा. पुन्हा बादलीत. एवढासा. मग भूगोल शिक्षकाच्या डोक्यात एक विलक्षण शंका आली: बादलीतच काही गुण आहे का? त्यांनी न्हाणीघरातली निळी बादली आणली, तिच्यात नळाचं पाणी घेतलं. मोठा आकडा. निळ्या रंगाचा दोष असेल म्हणून तेच पाणी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या लाल टबात ओतलं. आकडा तोच. आता ओट्याखाली तीन भांडी, मधे गुडघे टेकून सर, आणि कशाचाच कशाला मेळ नाही. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी ग्लास घेतला, नळीखालच्या लाल बादलीत बुडवला आणि फरशी पुसायचं पाणी तोंडाला लावलं.

नेमके तेव्हाच भिकनतात्या उघड्या दारातून आत आले. हातात रिकामी बाटली होती, भरदार पाणी न्यायला आणलेली. मागून आवाज ऐकून अमिनाही आली.

सरांनी ग्लास खाली ठेवला.

"अमिनाबाई," तात्या हलक्या आवाजात म्हणाले, "रिटायर झाल्यावर असं होतं माणसाला. आमचा एक कंडक्टर घरात तिकिटं फाडायचा. रागवायचं नाही. गोडीनं घ्यायचं."

"याला चवच नाही," सर बादलीकडे बघत पुटपुटले. "अमिना, या पाण्याला कसलीच चव नाही!"

"फरशीच्या पाण्याला काय गुलाबाची चव येणार?" अमिना म्हणाली, पण तिचा राग ओसरला होता आणि त्या जागी काळजी आली होती. तिने आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग रिझवानला फोन केला आणि दोनच शब्द बोलली, "आत्ता ये."

रिझवानने मशीनचं झाकण उघडलं. आत बघितलं. फोन वाजला, तो त्याने कापला. असं सहसा होत नसे.

"खालू... नळ्या."

"काय नळ्यांचं?"

"दोन्ही पांढऱ्या असतात ना. इकडची तिकडं लागली."

"म्हणजे टाकीत..."

"वाया जायचं ते."

"आणि बादलीत?"

"शुद्ध." मग रिझवानमधला विक्रेता जागा झाला. "पण मशीन ओरिजिनल हाय खालू. बघा, नळी चुकली तरी बादलीत किती साफ पाणी काढलंय!"

इतके दिवस सरांच्या घरातली फरशी शुद्ध पाणी पीत होती आणि माणसं तिचं उष्टं.

"आणि खाली अंजलीताईंकडे? वर मोहिनीताईंकडे?"

रिझवान नळीकडे बघत म्हणाला, "सवयीनं हात तसाच गेला असंल."

त्याने नळ्या बदलल्या. टाकीत आता बारीक धार येऊ लागली आणि बादली भराभरा भरू लागली. सर मात्र दारापाशी चपला शोधत होते. ज्या जिन्यातून ते नमस्कार घेत खाली उतरायचे, त्या जिन्याने आता दारोदार जाऊन सांगायचं होतं की माझ्या भाषणावर विश्वास ठेवून तुम्ही जे पीत आहात ते गटारात जायचं पाणी आहे. शाळेत फळ्यावर चुकलं तर डस्टर असायचं.

"अमिना," ते वळून म्हणाले, "तुझ्यावर उगाच संशय घेतला. चुकलं माझं."

अमिनाने ओढणी सारखी केली. "चला. मी पण येते. पोरगं माझ्याकडचं हाय."

तात्यांनी बाटली रिकामीच धरून त्यांच्यामागोमाग जिना उतरला. घरी तेच आधी बोलले, "अंजली, मास्तर बादलीतलं पीत होते ते बरोबर होतं." यातून अंजलीताईंना काही कळलं नाही. मग सरांनी सगळं सांगितलं, मधे न थांबता, धडा पाठ म्हणावा तसं. अंजलीताईंचा चेहरा नेहमीसारखाच राहिला.

"सर, नळ्या आज बदलतील," त्या म्हणाल्या. "पण टाक्या जोडलेल्या आहेत हे मला केव्हापासून माहीत होतं. व्हॉल्व्ह बंद होत नाही हेही. मी रोज जार आणत होते आणि बाकीच्यांना काय येतं ते विचारत नव्हते." दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, प्लंबर बोलावला आणि गच्चीवर स्वतः उभं राहून मधला पाइप कापून घेतला. बोअरचं पाणी संडास आणि गाड्या धुण्याकडे गेलं. प्लंबर तीनदा चुकीचा पाइप कापायला निघाला होता, पण अंजलीताईंनी त्याला खडूने बाण काढून दिले. ते बाण त्यांना सभेतच समजले होते, असं नंतर कळलं.

मोहिनीताईंचं प्रकरण मात्र अवघड गेलं. नळ्या सरळ झाल्यावर त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? पांचट आहे अगदी. जिभेला कळतच नाही."

"ताई, हेच शुद्ध. ते आधीचं वाया जायचं पाणी होतं."

"असेल हो. पण भरदार होतं."

त्यांनी रिझवानला एकीकडे बोलावून नळ्या पूर्वीसारख्या करता येतील का, असं विचारल्याचं सरांच्या कानावर आलं. तात्यांचाही कल तिकडेच होता.

सरांनी आणखी एकदा पाणी तपासलं. या वेळी ते, अमिना आणि रिझवान असे तिघे रिक्षातून गेले. एकमेकांवर लक्ष ठेवायला नव्हे, एकट्याला धीर होत नव्हता म्हणून. अहवाल चांगला आला. सरांनी तो तीनदा वाचला आणि फलकावर लावला नाही.

मेहविश आली आणि दिवस भरल्यावर सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यात सर पाच लिटरचा कॅन घेऊन हजर झाले. कॅन उकळत्या पाण्याने धुतलेला, झाकणावर फडकं बांधलेलं. पाळण्यात ती एवढीशी पोर मूठ तोंडात घालून झोपली होती. गुलाबी होती. सरांनी तिची नखं बघितली, ओठ बघितले, तळपाय बघितले. सगळं गुलाबी.

बाळाच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा सर पुढे झाले.

"मॅडम, बाळासाठी पाणी आणलंय. आरओचं आहे. तपासलेलं."

"बाळाला पाणी द्यायचं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही, हे शुद्ध आहे. नायट्रेट नाही यात."

"आजोबा, सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी एक थेंबसुद्धा नाही. पावडरचीही गरज नाही, आईला दूध छान येतंय."

"शुद्ध असलं तरी?"

"कितीही शुद्ध असलं तरी."

"माझ्याकडे रिपोर्ट आहे," सर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

बाई हसल्या, बाळाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. सर कॅन मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. धरण, दोन कचेऱ्या, आटवलेलं पातेलं, सूचनाफलक, लाल बादली, मोहिनीताईंची जीभ. इतकं सगळं होऊन बाळाला पाणी लागतच नव्हतं. हे भूगोलात येतं की जीवशास्त्रात, हेही त्यांना नीट कळेना.

"अब्बा," मेहविश उशीला टेकून बसत म्हणाली, "मला द्या ना. केव्हाची तहान लागलीय. दूध पाजलं की घशाला कोरड पडते नुसती."

सरांनी फडकं सोडलं आणि ग्लास भरून दिला. तिने तो एका दमात संपवला. दुसरा दिला, तोही संपवला. तिसरा तिने सावकाश, डोळे मिटून प्यायला, आणि रिकामा ग्लास पुढे केला.

"काही चवच नाही हो याला," ती म्हणाली. "किती बरं वाटतंय. आणखी आहे?"

संध्याकाळपर्यंत कॅन संपला. अमिनाने तो उलटा करून बघितला आणि सरांकडे पाहिलं. सर आधीच उभे राहिले होते, खिशात स्कूटरची किल्ली चाचपत.